नव्या ट्रकवरचं कुंकू

नवा ट्रक कसा धुवायचा, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. विचारत कोणी नाही, ती गोष्ट वेगळी. बायकांना लोक लोणच्याचं प्रमाण विचारतात. पण ट्रक मी धुतलाय, आणि असा धुतलाय की तिरकं उभं राहून बघितलं तरी पाण्याचा एक डाग दिसू नये. तरीसुद्धा त्याच ट्रकवर ओरखडा पाडल्याचा ठपका आमच्या घरावर आला आणि त्या ठपक्यापायी माझ्या नवऱ्याची हक्काची सीट गेली. गेले कितीतरी दिवस ते माझ्या घशात अडकून बसलंय.

माझे मिस्टर हिंगणा रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ड्रायव्हर आहेत. आमचं लग्न झालं तेव्हाही तिथेच होते. राहतो तेही मालकाच्याच यार्डात, मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत. वर पत्रा, दारासमोर नळ, आणि यार्डाच्या पुढच्या अंगाला मालकांचा बंगला. खोलीचं भाडं मालक घेत नाहीत, त्याबदल्यात आम्ही यार्डावर लक्ष ठेवायचं. मालकांना सगळे भाऊ म्हणतात आणि त्यांच्या बायकोला वहिनी. शब्द कसे अगदी घरातले आहेत बघा.

ह्यांच्याकडे होता तो जुना ट्रक. त्याची केबिन म्हणजे नुसती भट्टी. इंजिनाची धग पायाला, पत्र्याची धग डोक्याला, आणि खिडकी उघडी ठेवावी तर बाहेरची लू तोंडावर. गेल्या वर्षी मे महिन्यात चंद्रपूरकडून भरलेली गाडी आणताना ह्यांना बुटीबोरीच्या अलीकडे ऊन लागलं. खिशात कांदा होता, तोंडाला ओला दुपट्टा होता, सगळं होतं. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवरच डोकं टेकलं. ढाब्यावरच्या लोकांनी बघितलं म्हणून माणूस हाती लागला. दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, एकदा असं होऊन गेलेलं शरीर पुन्हा तेवढं सोसत नाही. पुढचा उन्हाळा ह्यांनी असल्या केबिनमध्ये काढला तर मी काही सांगू शकत नाही.

भाऊ भेटायला आले होते. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नको गा. पाडव्याले नवी गाडी येऊन राहिली. एसी केबिनवाली. ते तूच चालवशीन."

मी तिथेच सलाइनच्या बाटलीखाली उभी होते. त्या दिवसापासून मी पाडव्याची वाट बघत होते. नव्या ट्रकचं कौतुक म्हणून नाही हो. मला माझा नवरा मे महिन्याच्या पलीकडे जिवंत हवा होता, एवढाच त्याचा अर्थ.

पाडव्याला गाडी आली. काय तिचा रंग! गर्द मोरपंखी, आणि वरची चमक अशी की केस विंचरायला आरशाची गरज नाही. हेच गाडी घेऊन आले होते. उतरले ते लग्नातल्या नवरदेवासारखे लाजत. भाऊंचे पाहुणे, बाजूच्या यार्डांतले लोक, सगळे गोळा झाले. फटाके वाजले, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी पेढे वाटत फिरत होते.

वहिनी गाडीच्या तोंडावर, काचेच्या खालच्या पत्र्यावर, स्वस्तिक काढायला स्टुलावर चढल्या. कुंकू तेलात कालवलेलं होतं. पण नवा गुळगुळीत रंग, त्यावर बॉडीवाल्यानं मारलेलं पॉलिश, बोट नुसतं घसरत होतं. रेघ उमटायची आणि ओघळ होऊन खाली यायची. बायका हसायला लागल्या. वहिनी जरा खजील झाल्या. मी पेढ्यांचा डबा घेऊन दुसऱ्या बाजूला गेले. परत येऊन बघते तो त्यांच्या हातात पूजेच्या ताटातली कुंकवाची काडी होती, चांदीची, आणि तिनं त्या दाबून दाबून रेघा ओढत होत्या. आता कुंकू बसलं. स्वस्तिक अगदी छापल्यासारखं सरळ आलं. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. आपल्याकडे कुंकू लावताना कोणी रंगाचा विचार करतं का?

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी होती हैदराबादकडची. त्याआधी गाडी धुऊन काढायची होती. नारळाचं पाणी, फटाक्यांची राख, झेंडूच्या पाकळ्या, सगळं तिच्या अंगाला चिकटलेलं. भाऊ रात्रीच सांगून गेले होते, "नवा रंग आहे. एकही ओरखडा नाही पाहिजे."

उजाडल्याबरोबर आम्ही दोघं लागलो. ऊन चढल्यावर पत्रा तापतो आणि पाणी जागच्या जागी सुकून डाग पडतात, म्हणून सकाळच. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पट्टा काढला, शर्टाची बटणं घासतील म्हणून बनियनवर आले. मला म्हणाले, "तुया बांगड्याइचं काय?"

"काय म्हणजे? सवाष्णीनं बांगड्या काढायच्या का गाडीसाठी?"

"काढू नोको वं. वर सरकव."

मी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि वरून फडकं गुंडाळलं. मंगळसूत्र पोलक्याच्या आत टाकलं. ते हसून म्हणाले, "पूर्ण बंदोबस्त."

"माहेर भिवापूरचं आहे म्हटलं माझं. आमच्याकडे मिरची खुडतानासुद्धा बंदोबस्त लागतो."

"ते तं रोजच दिसते मले," ते म्हणाले.

ट्रक धुताना आधी हात लावायचाच नसतो. वरून खाली नुसतं पाणी सोडायचं. धूळ पाण्यानंच वाहून गेली पाहिजे. तिच्यावर फडकं फिरवलं की तुम्ही कपड्यानं नाही, मातीनं गाडी घासता. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. कपडे धुवायची पावडर चालत नाही, तिनं चमक मरते. ब्रश तर जवळपास फिरकता कामा नये. हात सरळ ओढायचा, गोल गोल नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते बाद. चाकं सगळ्यात शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. माझ्या सासूबाईंचं नऊवारी पातळ होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याचे तुकडे मी आदल्या दिवशीच काठ कापून टाकून करून ठेवले होते. काठाची जरतार रंगाला लागली तर?

स्वस्तिक मात्र मी ह्यांना करू दिलं नाही. कुंकवाचा डाग पाण्यानं घासला की पसरतो, हे पुरुषांना कुठून माहीत असणार? मी खोबरेल तेलात कापूस बुडवला आणि नुसता टेकवून धरला. डाग सैल झाला की टिपून घ्यायचा. पुन्हा नवा कापूस. मी दाबलं नाही, घासलं नाही. तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तसं पुसलं. एकेक रेघ लाल होती ती गुलाबी झाली आणि मग कापूस कोराच्या कोरा निघायला लागला.

पण स्वस्तिक गेलंच नाही.

लाल गेलं, पांढरं राहिलं. गर्द मोरपंखी रंगावर पांढऱ्या रेघांचं स्वस्तिक, छापल्यासारखं सरळ. मी नखानं चाचपलं. नख रेघेत अडकलं.

"अहो, इकडे या," मी म्हटलं.

ते आले. बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "हे काडीचं आहे. वहिनींनी काल चांदीच्या काडीनं दाबून काढलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"माहीत आहे."

"मग भाऊ आले की आधी सांगा."

फडकं पिळत राहिले.

भाऊ चहा पिऊन पाहुण्यांना घेऊनच आले, गाडी दाखवायला. मागून वहिनीही आल्या. भाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली, खूश दिसले, आणि पुढे येऊन थबकले.

"हे काय केलं गा? कायनं घासलं?"

पाहुणे पुढे वाकले. कोणीतरी च्‌ च्‌ केलं. भाऊंचा आवाज चढला. "साधं कुंकू काढता नाही आलं तुमाले? शोरूममधून काल आलेली गाडी! नाश करून टाकला!"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला आणि नजर जमिनीला लावली. मी तोंड उघडणार एवढ्यात हे म्हणाले, "चुकी माहीच झाली भाऊ. फडक्यात खडा अडकला असन."

खडा! स्वस्तिकाच्या आकारात फिरणारा खडा! एकाही पाहुण्याला हसू आलं नाही. एकानंही म्हटलं नाही की अरे, खडा असा काटकोनात कसा वळला? आदल्या दिवशी टाळ्या वाजवणारी तीच तोंडं होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "अहो, खोटं काय सांगता?" तशी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं त्यांनी मला कधी दटावलं नव्हतं. "तू घरात जाय," एवढंच म्हणाले.

मी गेले. दाराच्या आडून सगळं ऐकत राहिले.

त्या दुपारी नवीन गाडीची किल्ली कामठीकडच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरला मिळाली. हाताला वळण नाही त्याच्याकडे नवी गाडी कशी देऊ, असं भाऊ चारचौघांत म्हणाले. चारचौघांत ओरडल्यावर चारचौघांत शिक्षाही द्यावी लागतेच. ह्यांच्याकडे जुना ट्रक राहिला.

मी त्या रात्री आणि पुढेही खूप बोलले. घरात दुसरं कोणी नाही, मग बोलणार कोणाला? "परक्या बाईची लाज राखायला स्वतःचा जीव टांगणीला लावला. दानशूर कर्ण लागून गेले!" ते पोळी मोडत म्हणायचे, "जाऊ दे वं. भाऊ दोन दिवस बोलतीन, मंग इसरतीन." भाऊ खरंच विसरले. गाडी द्यायचीसुद्धा विसरले. आणि त्या ओरखड्याचं काय झालं म्हणाल, तर आठवड्याभरात त्यावर देवीचं एक मोठं स्टिकर आलं. चिकटवलं आणि मिटलं. एवढंच करायचं होतं तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी का नाही केलं, हे विचारायची सोय नव्हती. आता गाडीसमोरून जाताना लोक त्या स्टिकरला हात जोडतात. हेही जोडतात.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला वहिनींनी मला मुद्दाम बोलावलं. नाही गेले असते, पण शेजारी राहून नाही कसं म्हणणार? आंब्याची डाळ दिली, पन्हं दिलं. माझी ओटी इतरांपेक्षा जड भरली आणि वर एक साडी ठेवली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मनात नोको ठेवू वं. मी बोलली होती याईच्याजवळ."

मी म्हटलं, "मनात ठेवून काय करू वहिनी? मे महिना तर त्यांनाच काढायचाय."

त्यांचा चेहरा पडला. पडू दे. साडी मी घेतली नाही, पाटावर ठेवून आले. त्या भाऊंजवळ बोलल्या असतील यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. बोलल्या असत्या तर भाऊंनी चूक सुधारली नसती का? मला तेव्हा असं वाटायचं.

मग मे सरता सरता नवतपा आला, उन्हाळ्यातले सगळ्यात जहाल नऊ दिवस. नागपुरात त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. हे जुनी गाडी घेऊन वणीकडे जात-येत होते. घरी यायचे ते डोळे लाल, पाय सुजलेले, ओठांना भेगा. मी रोज पन्हं देत होते, डोक्यावर ओलं फडकं ठेवत होते, आणि ते बाहेर असले की फोन वाजताच हातातलं काम टाकून धावायचे. एका दुपारी आले ते दारातच बसले. बूट काढायची ताकद नव्हती. मी त्यांच्या पायावर पाणी घालत होते तेव्हा फोन आला. भाऊंचा होता. ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो.

"हैदराबादहून गाडी आली आहे. संध्याकाळी माल देणारे पार्टीवाले पाहाले येऊन राहिले, धुऊन ठेव. त्या ड्रायव्हरले नाही जमत, तो रंग खाऊन टाकीन. तुया हाताची सर नाही कोणाले."

"हो भाऊ," हे म्हणाले, आणि उठायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

मी तांब्या खाली ठेवला. "ज्याच्या हातानं ओरखडा पडला म्हणून गाडी काढून घेतली, त्यालाच आता धुवायला बोलावतात? म्हणजे भाऊंना माहीत आहे. तुमच्या हातून पडला नाही हे माहीत आहे त्यांना!"

ते भिंतीला हात धरून उभे होते. म्हणाले, "तवाच माहीत होतं."

"कसं?"

"काडी त्याईनंच देली होती वहिनीले. बोट घसरून राहिलं तं काडीनं काढ, दाबून काढ, म्हणे. मी बाजूलेच उभा होतो."

मी पेढे वाटायला पलीकडे गेले होते ते तेवढ्यापुरती. सगळं त्या तेवढ्यात झालं होतं.

"आणि तुम्ही हे माझ्यापासून लपवलंत?"

"तुले सांगतलं असतं तं तू गप्प राहिली असती काय? पाहुण्याईसमोर भाऊचं पितळ उघडं पडलं असतं, मंग संध्याकाळी आपलं सामान रस्त्यावर राहिलं असतं. खोली त्याईची आहे. तुले कुठं नेलं असतं मी?"

म्हणजे माझ्यासाठी. दोन महिने मी ज्यांना दानशूर म्हणून टोमणे मारले, ते ह्या पत्र्याच्या खोलीसाठी गप्प बसले होते. मला दया यायला हवी होती, पण आला तो संतापच. खोली! मी भिवापूरला भावाकडे राहिले असते, दुसऱ्यांच्या शेतात मिरच्या तोडल्या असत्या, सीताबर्डीत फुटपाथवर कपडे विकले असते. माझ्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून ह्यांनी स्वतःला उन्हात टाकलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी तसं म्हटलं. ते बादल्या घेऊन गेले.

मागोमाग मी गेले. नवा ट्रक शेडच्या सावलीत उभा होता. इंजिन चालू, काचा बंद, आत नवा ड्रायव्हर सीट मागे करून मोबाईल बघत पडलेला. हे बाहेर उभं राहून टपावर पाणी सोडत होते. पाण्याची वाफ होत होती. मी काचेवर टकटक केलं आणि त्याला म्हटलं, "दादा, घरी पन्हं करून ठेवलं आहे, जाऊन घ्या." तो बिचारा हसत उतरला आणि गेला. त्याचा काय दोष? मी दार सताड उघडं धरलं. आतला गारवा माझ्या तोंडावर आला. एवढा गार वारा नवतपात मी पहिल्यांदाच अनुभवत होते.

"चढा," मी ह्यांना म्हटलं. "बसा वर. गाडी मी धुते."

त्यांनी आत पाहिलं. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. मग बंगल्याच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"कोणी नाही बघत," मी म्हटलं. "बसा ना. पाच मिनिटं तरी बसा."

हातातलं फडकं त्यांनी साध्या पाण्यात खळबळून घेतलं, पिळलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार लाव वं. आतली थंडी जाऊन राहिली."